‘उद्या बोलायचंय’

रात्री पावणेअकरा. फोनवर साहेबांचा मेसेज: ‘उद्या सकाळी केबिनमध्ये भेट. बोलायचंय.’ पुढे काहीच नाही.

ज्याला तो आला, तो दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडून होता. सकाळी कळलं, सुट्टीची एक तारीख विचारायची होती.

विषयच लिहिला नव्हता, सगळा घोळ तिथे आहे. कारण कळलं नाही की शरीर धोका धरूनच चालतं. छाती धडधडते, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढतं, झोप उडते. हे आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं की त्रास अंगावर निघतो आणि आपण कारण जेवणात शोधत बसतो.

ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास चालू आहे. आपलं काम कसं करायचं हे ठरवायची मोकळीक ज्यांना कमी, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसलं.

वरिष्ठांनी करायचं ते खरंच फार नाही. मेसेजमध्ये विषय लिहा आणि घाई किती तेही: ‘सुट्टीच्या तारखेबद्दल, ५ मिनिटं, काळजीचं काही नाही.’ रात्री सुचलं तर लिहून ठेवा, पण सकाळी ९ ला जाईल अशी वेळ लावा. चूक सांगायची तर एकट्याला, त्याच दिवशी. चारचौघांत झापलं की पुढची चूक लपवली जाते, आणि ती लपवणारा माणूस ते ओझं घरी घेऊन जातो. आधी एवढं करा; ताण घालवायला ध्यानाची शिबिरं त्यानंतर.

तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की टीममधल्या कुणाच्या पोटात गोळा येतो, कधी विचारलंत?