पोट्टं पारखायचं कसं

जुलै आला की दोन निवडी माझ्या डोक्यात एकदमच सुरू होतात. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून आमचा बेसबॉलचा नवा संघ जुलैतच बांधावा लागतो. आणि २०२१ पासून अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, ड्राफ्टही जुलैतच होतो. ड्राफ्टमध्ये क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. ३० क्लब, २० फेऱ्या, सहाशेच्या वर पोरं. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत खेळाची शिक्षिका. तरी ड्राफ्टआधी येणारे अहवाल मी रात्री जागून वाचते. अजून पुरता न घडलेला खेळाडू कसा बघायचा, हे मला तिथे शिकायला मिळालं.

तिकडचे स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे, प्रत्येक गुणाला २० ते ८० मधला आकडा देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. बॅटला चेंडू लागणं, लांब मारणं, धावणं, क्षेत्ररक्षण आणि फेकीची ताकद, हे ते पाच गुण. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहितात, आज किती आणि पुढे किती होईल. सतरा वर्षांच्या पोराचा आजचा आकडा ३० आणि पुढचा ५५ असू शकतो. हा दुसरा आकडा लिहायला छाती लागते.

आमच्याकडे निवड होते ती बहुतेक धावफलक बघून, आणि ते मला मुळीच पटत नाही. तालुक्याच्या सामन्यात समोरच्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) स्ट्राइक, म्हणजे मारता येईल असा नेमका चेंडू, टाकता येत नाही, आणि बाहेरच्या चेंडूंवर फलंदाजाला बेस फुकट मिळतो. मग चारदा बेसवर पोचलेल्या पोराने बॅट हलवलेलीसुद्धा नसते! अमेरिकेतही हीच अडचण आहे. कॉलेजात धातूच्या बॅटने खेळतात, तिथे चुकीचा लागलेला चेंडूही लांब जातो. म्हणून स्काउट उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड लीगला गर्दी करतात. तिथे १९८५ पासून लाकडी बॅट आहे आणि समोर पिचरही तोलामोलाचे असतात.

मी आधी हात पाहते. पोराला सेंटरफील्डच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या मागच्या भागाच्या, टोकाला उभं करते आणि होमकडे (फलंदाज उभा असतो तिकडे) फेक म्हणते. नेम चुकला तर चुकू दे. काहींचा चेंडू अर्ध्या वाटेत दम टाकतो, काहींचा खालून सरळ येतच राहतो. नेम शिकवता येतो, हा जोर फार थोडा शिकवता येतो. पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग क्लबने २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोघांना करारबद्ध केलं. (ड्राफ्टमधून नव्हे. तो अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोच्या पोरांसाठी असतो.) दोघेही मूळचे भालाफेकपटू. मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही, पण त्यांच्यात पाहिला गेला तो हातच. आमच्या भागात ज्वारी होती तेव्हा पाखरं राखायला गेलेली पोरं दिवसभर गोफण फिरवायची. आता सगळं वावर सोयाबीन आणि कपाशीचं. तरीही नदीकाठी दगड फेकणारी पोरं दिसली की मी गाडी थांबवतेच.

असा हात सापडला की त्याला जपणं हेही निवडीतच येतं. १३-१४ वर्षांच्या मुलाने एका दिवसात पिचर म्हणून ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, अशी मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलची शिफारस आहे. मी त्याच्या खूप आधीच थांबवते. कोपराचा लिगामेंट फाटला तर आमच्या पोराचं ऑपरेशन करणार कोण?

पाय मला खो-खोच्या पोरांत मिळतात. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) लागणारं ते क्षणात दिशा बदलणं त्यांच्या अंगातच असतं. होमपासून पहिला बेस २७.४३ मीटर. बॅटला चेंडू लागला की मोबाइलवर वेळ धरते. उजव्या हाताने खेळणारा मेजर लीगचा सर्वसाधारण खेळाडू साधारण ४.३ सेकंदांत पोचतो. आमचे पोचत नाहीत, पण महिन्याभरात कुणाची वेळ किती उतरली हे वहीत दिसतं, आणि मला तेच हवं असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र वेगळी परीक्षा. सोयाबीन सोंगणीला येतं आणि वडील शाळेत येतात. "मॅडम, ह्या खेळात पोट्ट्याले भेटन काय? थ्यापरीस सोंगाले तरी येईन." प्रश्न रास्त आहे. मी अमेरिका दाखवत नाही. वरच्या स्तरावर खेळला तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण, आणि पुढे पात्र स्पर्धेत पदक आलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, एवढंच सांगते. सोंगणीची सुट्टीही देते. कोरडवाहू घरात चार दिवसांची मजुरी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आणि मी सहसा कुणाला काढून टाकत नाही. माइक पियाझाला डॉजर्स क्लबने १९८८ मध्ये ६२व्या फेरीत घेतलं, १३९०व्या क्रमांकावर. तो पहिल्या बेसवर खेळायचा, पुढे त्याला कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू अडवणारा) केलं, आणि २०१६ मध्ये तो बेसबॉलच्या थोरांच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, गेला. आज २० फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नावही आलं नसतं.

यंदा आमची कॅचरची जागा रिकामी आहे. नववीतलं एक पोरगं माझ्या डोळ्यापुढे आहे. अंगाने जाड, धावायला मंद, म्हणून सगळे त्याला पहिल्या बेसवर ढकलतात. पण हात चांगला आहे, चेंडू अंगावर आला तरी डोळे मिटत नाही, आणि कुणी कुठे उभं राहायचं हे तो ओरडून सांगतो. आठवडाभर टेनिसच्या चेंडूवर त्याला उकिडवं बसवून अडवायला लावणार, मग खरा चेंडू. शाळेत मास्क एकच आहे, त्याचा पट्टा त्याआधी शिवून घ्यायचा आहे.