सदतीस मिनिटं

मार्चमध्ये सांगलीत हळदीचे सौदे भरात असतात. मार्केट यार्डाकडून कामावरून सुटलेल्या बायका लांबूनच ओळखू येतात. डोक्या-तोंडाला बांधलेलं फडकं, पदरावर पिवळी पूड, आणि नखं तर अशी पिवळी की साबणानं निघत नाहीत. त्या संध्याकाळी सव्वासातला अशीच एक बाई आमच्या ठाण्यात आली. मी ठाणे अंमलदार म्हणून बसले होते. तिच्या मागोमाग गल्लीतली पंधरा-वीस माणसं आत शिरली. दोघा-तिघांनी मोबाइल उभे धरले होते.

"मॅडम, पोरगं सापडंना."

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीतला. नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. ही गोदामात हळद निवडायला जाते आणि सहाच्या सुमाराला परतते. मुलगा शाळेतून आला की शेजारच्या म्हातारीकडून किल्ली घेतो. त्या दिवशीही घेतली, दप्तर घरात टाकलं आणि कुठंतरी गेला. सहा वाजून दहा मिनिटांनी ही गल्लीत आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं.

मी नाव, उंची, अंगावरचे कपडे लिहून घेतले आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला. "सकाळी रागावली होतीस का? मारलंबिरलं होतंस?"

ती म्हणाली, "न्हाई."

सतरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी कितीदा विचारला असेल. पण त्या दिवशी तो वीस माणसांसमोर विचारला. हे लिहायला बसले ती त्यासाठीच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोलीस आईवर संशय घेतात म्हणून असं विचारतात. तसं नाही. शोध कुठल्या दिशेनं न्यायचा हे त्या उत्तरावर ठरतं. दोन-तीन वर्षांचं मूल असलं तर आधी घरातच बघायचं: पलंगाखाली, कपाटात, पाण्याच्या टाकीत, उभ्या गाडीत. पाच-सहा वर्षांचं मूल वाट चुकतं, ते बहुतेक वेळा जवळपासच सापडतं. पण आठ-दहा वर्षांचं पोर रागानं निघालं असेल, तर त्याच्या डोक्यात एक ठिकाण असतं. मामाचं गाव, आजी, बाप काम करतो ती जागा. मग माणसं एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर पाठवायची. राग नाही, भांडण नाही, दार उघडं आणि पोर गायब, असं असलं की आमचं डोकं दुसरीकडे जातं. एक, कुणीतरी नेलं. दोन, पाणी.

गुन्हा लगेच दाखल केला. चोवीस तास थांबावं लागतं असं लोक अजून धरून चालतात, ते खरं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ च्या निकालात सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि उलटं काही दिसेपर्यंत अपहरण किंवा तस्करीच गृहीत धरायची. म्हणून अठरा वर्षांखालचं कुठलंही मूल असो, कागदावर अज्ञात इसमाविरुद्ध अपहरणच लागतं. पूर्वी भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३६३ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं १३७(२). नियम चांगला आहे, त्यानं पोरं वाचलीत. पण एफआयआरमधला तो शब्द बाहेर गेला की काय होतं हे निकाल लिहिणाऱ्यांना दिसत नसावं. आठ वाजता आम्ही कंट्रोलला वायरलेसवर वर्णन दिलं, आणि साडेआठला गल्लीच्या ग्रुपवर 'सांगलीत मुलाचे अपहरण' असं मुलाच्या फोटोसकट फिरत होतं.

नऊ वाजेपर्यंत आमची माणसं कृष्णेच्या घाटांवर होती. आयर्विन पुलाखाली बॅटऱ्या मारून बघितलं, घाटावरच्या पायऱ्यापायऱ्यांवर चपला शोधल्या. मुलाच्या पायात हिरव्या रबरी चपला होत्या. दोन अर्धवट बांधकामांतल्या टाक्या काठीनं ढवळल्या. गल्लीतली पोरंही बरोबर होती, हे कबूल करते. पहिला तासभर ती मनापासून पळाली.

मग ती क्लिप आली.

गल्लीच्या तोंडाला एक किराणा दुकान आहे, बाहेर कॅमेरा. मालकानं स्क्रीनवर संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावून मोबाइलनं त्याचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. चौदा सेकंदांचा. त्यात ही बाई पिशवी घेऊन गल्लीत शिरताना दिसते. खाली कोपऱ्यात वेळ आहे ५:३३. तिनं आम्हाला सांगितलेली वेळ सहा दहा. ठाण्यात मागे उभं राहून ती सगळ्यांनीच ऐकली होती.

मधली सदतीस मिनिटं ही बाई काय करत होती?

दहा वाजेपर्यंत हा प्रश्न आमच्या फाटकाबाहेर मोठ्यानं विचारला जात होता. घाटावर गेलेली पोरं एकेक करून परत आली, कारण आता शोधायचं काय, आईला विचारा की. मी बाहेर गेले तेव्हा कानावर पडलं ते असं. नवरा बाहेर असतो, हिचं कुणाशी तरी असणार. पोरानं काहीतरी बघितलं असणार. आणि सगळ्यात जास्त वेळा, "रडंना बघा. पोटचं पोर गेलंय आणि डोळ्यात टिपूस न्हाई."

ती खरंच रडत नव्हती. बाकावर बसून एका हाताच्या नखांनी दुसऱ्या हाताच्या नखातली हळद काढत होती. शांतपणे, एकेक बोट. एका महिला शिपायानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, नॉर्मल वाटतं का तुम्हाला हे?" तीही दोन लेकरांची आई. मला तिचा राग आला, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली होतीच.

महिला व बालक विषयाच्या एका प्रशिक्षणात आम्हाला ऑस्ट्रेलियातली केस सांगितली होती. १९८० मध्ये उलुरूजवळ तंबूतून नऊ आठवड्यांचं बाळ गेलं. जंगली कुत्र्यानं, डिंगोनं नेलं, असं आई लिंडी चेंबरलेन पहिल्यापासून सांगत होती. पण टीव्हीवर ती रडली नाही, चेहरा स्थिर होता, हे देशानं धरून ठेवलं. १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट सापडलं तेव्हा ती सुटली, आणि डिंगोनंच नेलं हे मृत्यूच्या दाखल्यावर यायला २०१२ उजाडलं. आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. प्रत्यक्ष बाकावर बसलेली बाई समोर आली की वही आठवत नाही.

सव्वादहाला मी आणि आमचे तपासी अंमलदार दुकानात गेलो. आता इथं जरा सविस्तर सांगते, कारण हे काम नीट केल्याचा मला अभिमान आहे. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र; त्याच्यासमोर बसलं की आधी फुटेज बघायचं नसतं, आधी घड्याळ बघायचं. नेटला न जोडलेला डीव्हीआर लाइट गेली, आतला सेल उतरला, की मागे-पुढे होतो आणि तसाच चालत राहतो. मी मोबाइल स्क्रीनला लावून धरला आणि दोन्ही वेळा एकाच फोटोत घेतल्या. मोबाइलवर १०:२१, स्क्रीनवर ९:४४. मालक लगेच वेळ दुरुस्त करायला उठला. त्याचा हात धरून त्याला बसवला. घड्याळाला हात लावला की पुरावा गेला. दोन पंच बोलावले, पंचनाम्यात लिहिलं: 'डीव्हीआरमधील वेळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा ३७ मिनिटे मागे आहे.' रेकॉर्डिंगची प्रत घेतली, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मालकाकडून भरून घेतलं.

म्हणजे बाईचं सहा दहा बरोबर होतं, मिनिटासकट.

मग मागे जाऊन बघितलं. स्क्रीनवरच्या ५:०५ ला, खऱ्या ५:४२ ला, दुधाचा टेंपो उभा आहे आणि त्याच्या पलीकडून, चाकांच्या मधून, दोन हिरव्या चपला जाताना दिसतात. एकट्या. शेजारी दुसरे पाय नाहीत. गल्लीच्या आत नाही, मोठ्या रस्त्याकडे, स्टँडच्या दिशेनं. हे चौदा सेकंदांच्या क्लिपमध्ये नव्हतं, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही असं मालकाला वाटलं.

मालकाला मी म्हटलं, आता ग्रुपवर लिहा की घड्याळ मागे होतं. त्यानं लिहिलं. त्याखाली अंगठे आले चार. क्लिप तोवर किती गावांत पोचली होती देव जाणे.

परत आले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. आईला मी बाकावरून उठवलं आणि मागच्या बाजूला नळापाशी नेलं. म्हटलं, हात धू, चहा घे. तिथं कुणी नव्हतं. दिवाही नीट नव्हता. "तुझी वेळ बरोबर निघाली," एवढंच सांगितलं.

ती नळाखाली हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मारलं ओ मॅडम सकाळी. उलथन्यानं. पोटरीवर."

मुलगा आजीकडे जायचं म्हणून हटून बसला होता. आजी म्हणजे नवऱ्याची आई, कवठे महांकाळकडे राहते. सासू-सुनेचं वर्षभर बोलणं नाही. ही कामाला उशीर होतो म्हणून चिडली आणि मारलं.

"मग संध्याकाळी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"ते समदे शूटिंग घेत होते की."

मी मिरज रेल्वे पोलिसांना फोन लावला. कवठे महांकाळ पंढरपूरच्या लाइनवर आहे, गाडी मिरजेतूनच. म्हटलं, पंढरपूरकडच्या गाडीची वाट बघत बसलेल्यांमध्ये बघा, हिरव्या चपला. दहाव्या मिनिटाला फोन आला. सापडला.

सव्वासातला तिनं खरं सांगितलं असतं तर आठ वाजता माझं माणूस मिरजेत असतं. सांगली-मिरज अर्ध्या तासाची वाट. पाच तास गेले. पण ती खोटं बोलली असं मी आजही म्हणणार नाही. मी तिला खरं बोलायला जागा दिली नव्हती. मारलं ते चुकलंच, त्याचं समर्थन नाही. पण तेवढ्या लोकांत 'हो' म्हटलं असतं तर पोर शोधायला कोण थांबलं असतं?

मिरजेला गेले तेव्हा मुलगा एका म्हाताऱ्या जोडप्याजवळ झोपलेला होता. गळ्यात तुळशीची माळ, पंढरपूरला निघालेले वारकरी, पहाटेपर्यंत गाडी नाही म्हणून फलाटावरच पडलेले. म्हातारीची शाल पोराच्या अंगावर. रेल्वेचे गस्तीवाले शेजारून दोनदा गेले होते, त्यांना आजी-आजोबांजवळ झोपलेला नातू दिसला. पोरगं एकटंय हे या दोघांना पावणेअकरालाच कळलं होतं. आजोबांनी त्याला भाकरी दिली. पण त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

"बाबा, चौकी तिकडंच आहे की. घेऊन का नाही गेला?"

ते म्हणाले, "पोरी, दुसऱ्याचं पोर हाताला धरून चालायचे दिवस हाईत का? चहावाल्याला म्हटलं फोन लाव. त्यो म्हणाला, नाद करू नका बाबा, अंगाशी येईल. मग बसलो राखण करत. झोपलो न्हाई बघ."

त्यांना मी काय सांगणार? आमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला, तर मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी त्यांना पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. तेही पंढरपूरलाच निघाले होते. धुळ्याच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला अशाच अफवेवरून भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला गेला. म्हाताऱ्याला गावांची नावं माहीत नसतील, भीती बरोबर माहीत होती. दोन तास तो पोराशेजारी जागा राहिला आणि पोराची आई बारा किलोमीटरवर बाकावर. दोघंही लोकांना भिऊन गप्प.

पुढचं थोडक्यात. मुलाला बालकल्याण समितीपुढे नेलं, वैद्यकीय तपासणी झाली, पोटरीवरचा वळ नोंदला गेला, आईचं समुपदेशन लागलं, मुलगा घरी गेला. सासू येऊन आठ दिवस राहून गेली, हे मला नंतर कळलं. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, म्हणून त्याचा फोटो काढून टाका असं मी त्या ग्रुपवर दोनदा सांगितलं. पण चार दिवसांनी तोच फोटो 'अजून सापडला नाही, कृपया पुढे पाठवा' म्हणून माझ्याच भाचीनं मला पाठवला. एका स्थानिक बातमीवाल्यानं 'आईच्या जबाबात तफावत' असं छापलं होतं. पोर सापडल्याची बातमी दिली, तफावतीचं तसंच ठेवलं.

जूनमध्ये ती बाई परत ठाण्यात आली. जुनी खोली सोडायला लागली म्हणे, गल्लीत बोलणं ऐकवत नव्हतं. नवी खोली बघितली तर मालकाच्या बायकोनं मोबाइल काढून तीच क्लिप दाखवली, ही तूच ना?

"मॅडम, त्या घड्याळाचा कागद मिळंल का?"

असा कागद नसतो. पंचनामा तपासाच्या कागदांत, तो कोर्टात गेलेला, नक्कल तिथून रीतसर अर्ज करून काढायची. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले केस मिटली, आता कशाला. मी तिला म्हटलं, कोर्टातला अर्ज मी भरून देते, आणि आपल्याकडेही एक लिहून ठेव. तिनं बाकावर बसून लिहिला. हळदीचा हंगाम सरला होता, नखं मुळाकडून पांढरी झाली होती, टोकाला पिवळा रंग तेवढा राहिला होता. अक्षर चांगलं आहे तिचं. 'मी सांगितलेली वेळ बरोबर होती, असा दाखला मिळावा.'

अर्जाला आवक नंबर टाकला, पोचीवर शिक्का मारून दिला. तिनं ती घडी घालून पिशवीत ठेवली आणि विचारलं, "ही दाखवली तर चालंल का मालकास्नी?"

मी म्हटलं दाखव, आणि ऐकलं नाहीच तर माझा नंबर दे, मी बोलते.

अजून कुणाचा फोन आलेला नाही.