फोन बंदच असतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "एवढं होऊनही नाटकाला गेलात की फोन बंदच करता?" ताई दर राखीला विचारते, सोसायटीतले विचारतात, परवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका सहकाऱ्यानं विचारलं. दोन मजल्यांत उत्तर देता येईना, म्हणून इथे देतो. हो, बंदच करतो. सायलेंट नाही, व्हायब्रेटवर नाही. बंद.

सायलेंटवरचा फोन खिशात असला की माणूस नाटकात नसतो. दर दहा मिनिटांनी हात खिशाकडे जातो. "नुसती वेळ बघितली" म्हणून बाहेर काढलेला फोन अंधारात चेहरा खालून उजळतो, आणि तो उजळलेला चेहरा रंगमंचावरून नटाला दिसतो. 2019 मध्ये फोनमुळे प्रयोग थांबवायची पाळी नटांवर आली, तेव्हा नाट्यगृहात जॅमर, म्हणजे फोनचं नेटवर्क अडवणारं यंत्र, बसवा अशी मागणी झाली. त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते, ते सोपं नाही. पण मी तेव्हा जॅमरच्या बाजूनं तावातावानं भांडत होतो. त्याच वर्षी माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंचा फोन तीनदा उजळला. मध्यंतरात मी त्यांना बोललो. "घरी सहा महिन्यांचं बाळ आहे हो," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "मग घरीच थांबायचं." दुसऱ्या अंकाला त्यांची खुर्ची रिकामी होती. मला तेव्हा त्याचं समाधान वाटलं होतं, हे आज लिहायला जड जातं.

आता त्या रात्रीचं. अर्धवट ऐकून प्रश्न विचारणारे खूप आहेत, म्हणून एकदा पूर्ण सांगतो. नाट्यगृह कुठलं, नाटक कुठलं ते सांगणार नाही. कारण पुढे एका डोअरकीपरचा विषय येतो आणि त्याला कुणी बोल लावलेला मला नको आहे.

2022 चा पावसाळा. पुण्यातला रात्री साडेनऊचा प्रयोग. दहाला दहा मिनिटं असताना घरी आईच्या हातातून दुधाचा पेला सुटला. उजवा हात उचलेना, शब्द जड झाले. बायकोनं वेळ न घालवता शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि साडेदहाच्या आत आई हॉस्पिटलात होती. सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट पक्की कळावी लागते: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? बायको म्हणाली, "चालू होती. मध्ये बदलली की बंद केली, ते ह्यांना माहीत." ती गोळी आदल्या महिन्यात बंद झाली होती. ते लिहिलेल्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मूळ कागद मी फाडून टाकला होता, घरात पसारा नको म्हणून.

बायकोनं सतरा फोन केले. मध्यंतर अकराला दहा कमी असताना झालं. मध्यंतरातही मी फोन सुरू करत नाही. एकदा मेसेज वाचायला घेतले की दुसरा अंक डोक्यात शिरत नाही. मी बटाटावडा खाल्ला, चहा घेतला, पहिल्या अंकाच्या शेवटाबद्दल एका अनोळखी माणसाशी हुज्जत घातली. त्या पंधरा मिनिटांत फोन सुरू केला असता तर. हे वाक्य मी हजार वेळा म्हटलं आहे, पुढचं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

शेजाऱ्यांचा मुलगा बाइकवरून भिजत आला तेव्हा दुसरा अंक सुरू झाला होता. दारावरच्या माणसाला त्यानं सांगितलं, एकांना बोलवायचंय, घरी अडचण आहे. डोअरकीपर म्हणाला, "आत्ता नाही, अंधार झाला की नेतो." मुलगा विशीचा, संकोची. 'अडचण' ह्या शब्दापलीकडे त्याला काही बोलता आलं नाही. तो बारा मिनिटं दाराशी उभा राहिला. प्रवेश संपला, अंधार झाला, तेव्हा बॅटरीचा उजेड पायाशी धरून डोअरकीपर माझ्या रांगेपाशी आला आणि मुलाच्या ओल्या जर्किनचं पाणी माझ्या हातावर पडलं. "काका, चला."

लॉबीत फोन सुरू व्हायला लागलेलं ते एक मिनिट. कंपनीचं चिन्ह फिरत राहिलं. मग फोटो पाठवला. पावणेबाराला इंजेक्शन दिलं. वेळेत दिलं, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, चाळीस मिनिटं आधी मिळालं असतं तर? ते म्हणाले, लवकर तेवढं चांगलं, पण एका माणसाच्या बाबतीत हिशेब मांडता येत नाही. आईचा पाय सुधारला. बोलणं फारसं परतलं नाही.

त्या डोअरकीपरवर मी महिनाभर मनातल्या मनात ओरडत होतो. मग आठवलं, अंधार होईपर्यंत कुणाला आत सोडू नका हे मीच किती दारांवर किती जणांना सुनावलं होतं. त्यानं माझंच ऐकलं.

माझं म्हणणं असं आहे. चूक फोन बंद ठेवण्यात नव्हती. आईच्या गोळ्यांचा एकुलता एक कागद फोनमध्ये कोंडण्यात होती. पूर्वी तो फ्रिजवर चुंबकाखाली असायचा, घरात कुणालाही दिसायचा. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "हे तू स्वतःला पटवतोयस." तेही खरं असेल. दिवसा पटतं, रात्री नाही.

आणि नाटक आईनंच दिलं. ती कोल्हापूरची. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, तिथे मला पाचव्या वर्षी मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या घंटेला ती माझा हात दाबायची. आता बोलायचं नाही, अशी खूण. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा मी तिला लॅपटॉपवर नाटकं लावून दिली. अर्ध्यात उठून ती आमटी बघून यायची. "इथं घंटा होत नाही रे," म्हणायची. मला वाटलं होतं, तिला सवय होईल. मध्ये काही महिने उघडून पुन्हा बंद झालेली नाट्यगृहं 22 ऑक्टोबर 2021 ला उघडली. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तीन नाटकं पाहिली.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवरावला आग लागली. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती. व्हिडिओ आले ते माझ्या ह्याच फोनवर, एकामागून एक. आईला दाखवू नये असं बायकोचं मत होतं, तरी मी दाखवले. आईनं फोन डाव्या हातात घेतला. छपराच्या ज्वाळांवर बोट टेकवलं आणि ते बोट काचेवर घासत राहिली. मग म्हणाली, "विझव." दोन वर्षांत इतका स्वच्छ शब्द नव्हता. मी फोनचा पडदा बंद केला. तिनं मान हलवली, पुन्हा म्हणाली, "विझव."

मध्यंतरी तुमच्या सगळ्यांचं ऐकून एका प्रयोगाला फोन व्हायब्रेटवर ठेवला, तळहाताखाली. एकदाही थरथरला नाही. नाटकातलं मला काहीही आठवत नाही. ज्या बाईंना घरी थांबायला सांगितलं होतं, त्याही तेव्हा अशाच बसल्या असतील.

रविवारी जातो आहे. गोळ्यांचा कागद फ्रिजवर आहे, प्लास्टिकच्या पाकिटात, मोठ्या अक्षरात. शेजारी दुसरी चिठ्ठी: नाट्यगृहाचं नाव, तिथला लँडलाइन नंबर, रांग जी, खुर्ची 14, मध्यंतर साधारण दोन वाजता. मध्यंतरात फोन सुरू करणार आहे. खाली लिहिलं आहे, 'अंधाराची वाट बघू नका, सरळ आत या.' शेजाऱ्यांच्या मुलाला वाचून दाखवलं. ताई, तुला फोटो पाठवला आहे.