आमची वाटचाल : डीजेच्या खोक्यावरून बेस गिटारच्या कॅबिनेटवर

आप्पा यंत्रमागाची लाकडी कामं करायचे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या शेडमध्ये गेले की माग चालू असतानाच लाकडावर तळवा टेकवायचे आणि कुठला सांधा ढिला झालाय ते सांगायचे, त्या खटखटाटात कानानं काही कळायचा प्रश्नच नव्हता. मागांची कामं कमी होत गेली तसं आम्ही डीजेवाल्यांचे खोके करायला घेतले. गणपती, जयंत्या, लग्नसराई, बरी चालली होती कमाई. माप यायचं, प्लाय कापायचा, पेंट मारून द्यायचं, एवढंच काम.

मग एक दिवस चर्चमध्ये बेस गिटार वाजवणारा एक पोरगा आला. अँप होता, कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, नव्हतं, आणि बाहेरचं ब्रँडेड घ्यायची ऐपत नव्हती. आमच्याकडं अठरा इंची स्पीकरचा डीजेचा एक बेस, म्हणजे खालच्या आवाजाचा खोका, तयार पडला होता, त्यालाच जोडून बघितलं. पत्रे हादरले पण काय वाजतंय ते कळेना. तो म्हणला, "दादा, नुसती धडधड यायलीय, नोट येईना की."

त्याचं बरोबर होतं. डीजेचा बेस फक्त खालचा आवाज काढतो, वरचं सगळं टॉपवर, म्हणजे वरच्या आवाजाच्या वेगळ्या खोक्यावर, सोडलेलं असतं. बेस गिटारची जाड ई तार वाजते 41 हर्ट्झला, पण आपल्या कानाला ती ओळखू येते त्यात 82 आणि त्याच्या वरच्या पटींचा मोठा वाटा असतो, आणि बोटानं तार सुटल्याचा जो टक असतो तो पार दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंत जातो. हे सगळं एकाच खोक्यातून यायला पाहिजे.

पहिलं कॅबिनेट आम्ही फोटो बघून केलं. बाहेरची मापं तशीच घेतली, बाजारात मिळाला तो बारा इंची स्पीकर टाकला, पुढं एक भोक ठेवलं. चार तारांच्या गिटारवर छान वाजलं. पुढं त्या पोरानं पाच तारांची गिटार घेतली, तिची बी तार 31 हर्ट्झची, आणि ऐन कार्यक्रमात कॉईल, म्हणजे कोनला मागून हलवणारं तारेचं वेटोळं, घासायला लागून स्पीकर गेला. रिकोनचे, म्हणजे नवा कोन आणि कॉईल बसवायचे, पैसे मी भरले, कारण चूक आमचीच होती. भोक, म्हणजे पोर्ट, ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून झालेला असतो त्याच्या बऱ्याच खाली गेलं की पेटीतली हवा कोनला धरून ठेवत नाही, कोन मोकळा सुटल्यासारखा मागंपुढं पळतो, आवाज काही वाढत नाही पण कॉईल मरते. आमचा पोर्ट कितीला ट्यून झाला होता हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं.

तिथून अभ्यास सुरू केला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 साली आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात हे गणित बसवून दिलंय, स्पीकरचा एफएस (मोकळ्यावर तो कुठल्या फ्रिक्वेन्सीला आपसूक थरथरतो), क्यूटीएस (ती थरथर किती आवरली जाते) आणि व्हीएएस (त्याच्या कोनच्या लवचिकपणाला किती लिटर हवा बरोबरीची) कळला की पेटी किती लिटरची आणि पोर्ट किती लांब ते काढता येतं. विनआयएसडी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे आकडे टाकले की आलेख समोर येतो. म्हणजे आधी स्पीकर, मग पेटी, आम्ही उलटं करत होतो. आणि कंपनीच्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आम्ही प्रत्येक स्पीकर आधी थोडा वेळ चालवून मोकळा करतो आणि मग एफएस स्वतः मोजतो, एकाच लॉटमधल्या दोन स्पीकरांतसुद्धा फरक निघतो.

आमच्या बारा इंचीच्या मॉडेलची आतली मापं 38 बाय 46 बाय 34 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 59 लिटर, त्यातून मॅग्नेट, पट्ट्या आणि पाईपची जागा वजा केली की 53 च्या आसपास उरतात. पोर्टला 110 मिलिमीटरचा साधा पीव्हीसी पाईप, साडेअकरा सेंटिमीटर लांब, ट्यूनिंग 50 हर्ट्झच्या जवळ येतं. पाईपच्या तोंडाची कड राउटर मशीननं गोल करतो, नाहीतर जोरात वाजवताना फुस-फुस आवाज येतो. आणि पाच तारावाल्याला अँपच्या आधी हाय-पास फिल्टर, म्हणजे फार खालचा आवाज अडवणारं सर्किट, लावायला सांगतोच सांगतो.

सुरुवातीला 18 मिलिमीटर प्लाय वापरायचो, आता 12 चा वापरतो, एका पेटीमागं चार-साडेचार किलो वजन कमी होतं. पण पातळ फळी थरथरते, मग आतून आडव्या पट्ट्या लागतात, आणि इथं आप्पांचा तळवा कामाला आला. मी मोबाईलवरून टोन हळूहळू वर चढवतो, आप्पा एकेक बाजूवर हात फिरवतात, "हितं" म्हणले की पेन्सिलनं खूण. बहुतेक वेळा खूण फळीच्या मधोमध येते, पण पट्टी बरोबर मधे न लावता जरा बाजूला लावायची, दोन्हीकडचे तुकडे सारखे राहिले तर दोन्ही एकाच सुरात थरथरतात. सांध्यातून हवा गळते का ते बघायला 40 हर्ट्झचा टोन लावून अगरबत्ती सांध्याजवळनं फिरवायची, जिथं धूर झटके खातो तिथं परत फेविकॉल.

गिऱ्हाईक म्हणतं छोटं पाहिजे, हलकं पाहिजे, खाली पार 31 हर्ट्झपर्यंत पाहिजे आणि लहान अँपवर मोठा आवाजपण पाहिजे. लहान पेटी, खोल बेस आणि जास्त आवाज या तिघांतलं एक सोडावंच लागतं, हे आम्ही ऑर्डर घ्यायच्या आधी सांगतो. काही जण निघून जातात, जाऊ देत.

आता पुण्याच्या पण ऑर्डरी येतात, कॅबिनेट जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ट्रॅव्हल्सनं पाठवतो. मागच्या प्लेटवर ओहम ठळक लिहितो, कारण 8 ओहमची दोन जोडली की 4 होतात आणि तिसरं जोडलं तर बऱ्याच अँपला ते झेपत नाही. आतल्या बाजूला एक कागद चिकटवतो, मोजलेला एफएस, लिटर, पाईपची लांबी, म्हणजे उद्या कुणी दुसऱ्यानं उघडलं तरी त्याला अंदाजानं काम करावं लागू नये. त्या कागदाखाली आप्पा पेन्सिलनं तारीख टाकतात, मग मागची फळी बंद.