आईची तिसरी किमो

आत्ता आलो घरी. पहाटेच्या लोकलने आईला घेऊन परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला गेलेलो, आधी रक्त द्यायचं, सीबीसी (रक्तपेशी मोजल्याचा रिपोर्ट) आला की मगच डॉक्टर किमोला हो म्हणणार, पांढऱ्या पेशी कमी निघाल्या की तारीख पुढे, मागच्या वेळी आठवडाभर ढकललेली म्हणून रिपोर्ट येईपर्यंत माझ्याच पोटात गोळा. आज नॉर्मल!

शीर काही सापडेना. सिस्टरने बांगड्या वर सरकवल्या, मनगट चोळलं, म्हणाली आजी पाणी कमी पिता ना? आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या म्हणजे शिरा फुगतात. आई माझ्याकडे बघते, जसं काय मीच प्यायलो नाही.

नवीन कोणी जाणार असेल तर बायोप्सीचे नुसते रिपोर्ट नको, स्लाइड आणि ब्लॉकपण (काढलेल्या तुकड्याचे काचेवरचे आणि मेणातले नमुने) न्या. आणि घरी थर्मामीटर ठेवाच, किमोनंतर ताप 100.4 झाला तर स्वतःच्या मनाने क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री 2 वाजले तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.

येताना स्टेशनबाहेर आईला भेळ हवी होती. कच्चा कांदा, उघड्यावरची चटणी, नाहीच म्हटलं. दादरपर्यंत बोलली नाही माझ्याशी 😄