तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिसच्या मशीनवर बिनबोभाट

हा प्रश्न मला नेहमी आवाज खाली आणून विचारला जातो. विचारणारे बहुतेक माझ्याच धंद्यातले, कुठल्या ना कुठल्या संस्थेचे कॉम्प्युटर सांभाळणारे. "सर, आमच्याकडे पन्नास-साठ मशिनं दिवसभर चालू असतात, त्यातली निम्मी नुसती बसून असतात. त्यांच्यावर बॉइंक टाकलं तर? कुणाच्या लक्षात येणार नाही असं चालवता येतं ना?"

बॉइंक म्हणजे रिकाम्या मशिनांकडून विज्ञानातली गणितं करून घेणारा प्रोग्राम. तो तसा चालवता येतो, आणि कसं ते सांगतोही. पण 'लक्षात येणार नाही' या शब्दांत दोन गोष्टी लपल्या आहेत. काम करणाऱ्याला त्रास होऊ नये ही एक. त्याला कळूच नये ही दुसरी. पहिलीला मी बिनबोभाट म्हणतो, दुसरीला चोरून. या दोन्हींची सरमिसळ मी स्वतः केली आहे आणि त्याची झळ दुसऱ्याच माणसाला बसली, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

ज्यांना हे प्रकरण नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एका मशीनला शेकडो वर्षं लागतील असं गणित बारीक तुकड्यांत कापायचं, ते तुकडे जगभरच्या लोकांच्या रिकाम्या मशिनांना वाटायचे आणि उत्तरं परत गोळा करायची. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मंडळींनी सेटी ॲट होम सुरू केलं. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या लहरींत परग्रहावरच्या कुणाची हाक आहे का, हे लोकांच्या घरातले स्क्रीनसेव्हर शोधू लागले. मार्च २०२० मध्ये त्यांनी नवे तुकडे वाटणं थांबवलं, पण त्याच घरात डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकारानं जन्मलेलं बॉइंक आजही चालू आहे. प्रथिनांच्या घड्या उलगडणारं फोल्डिंग ॲट होम २००० सालचं. २०२० च्या वसंतात करोनाच्या विषाणूवर काम करायला इतके लोक त्यात आले की सगळ्यांची मिळून गती सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडींच्या पुढे गेली. तेव्हाच्या कुठल्याही महासंगणकाला ते जमलं नव्हतं. मूळ संख्या शोधणारं गिम्प्स तर १९९६ पासून चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना सापडलेली संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. मला या सगळ्याचं वेड आहे. रिकामं बसलेलं मशीन दिसलं की अजूनही हात शिवशिवतात. तुमचाही हेतू चांगलाच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता माझी गोष्ट. मी ज्या संस्थेत होतो तिथं चाळीस मशिनं होती. मी वरिष्ठांकडून लेखी परवानगी घेतली होती, त्या बाबतीत मी निर्धास्त होतो. कामात कुणाला व्यत्यय नको म्हणून बॉइंक सर्व्हिस म्हणून बसवलं, म्हणजे कुणी लॉगइन केलेलं असो वा नसो ते मागे चालत राहतं, आणि कोपऱ्यातलं त्याचं चिन्हही काढून टाकलं. आपण किती व्यवस्थित केलं, असं मला मनापासून वाटत होतं. मशीनवर बसणाऱ्या लोकांना मात्र काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

साडेतीन-चार महिन्यांनी लेखा विभागातल्या एक बाई माउस बदलून घ्यायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "माझं मशीन आता थकलंय हो. पण नवीन मागायला संकोच वाटतो, गेल्याच वर्षी दिलंत तुम्ही. महिनाअखेरीला मी आपली तासभर आधी येते, म्हणजे उरकतं."

मी त्यांच्याबरोबर जाऊन बसलो. त्या एक मोठा अहवाल चालवायच्या. बटण दाबलं की आठ-दहा मिनिटं मशीन आकडे जुळवत बसायचं, आणि बाई हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसायच्या. त्या तिथंच होत्या, पण की-बोर्डला हात नव्हता, माउस हलत नव्हता. बॉइंक मुळात तीन मिनिटं वाट बघतं. तेवढ्यात काही हललं नाही की माणूस उठून गेला असं समजतं आणि कामाला लागतं. प्रोसेसरच्या बाबतीत ते सभ्य आहे, सगळ्यात खालच्या प्राधान्यावर चालतं, दुसऱ्या कुणाला प्रोसेसर हवा असला की बाजूला होतं. मेमरीला मात्र तसलं प्राधान्य नसतं. त्या मशीनची मेमरी आधीच अपुरी, त्यात बॉइंकनं आपला वाटा घेतला की बाईंचा अहवाल डिस्कवर ढकलला जायचा, आणि दहा मिनिटांचं काम पाऊण तासावर जायचं. हातानं माउस हलवला असता तर बॉइंक थांबलं असतं. त्या मुद्दाम हलवत नव्हत्या, कारण आपल्या हलवण्यानं मशीन आणखी अडकेल अशी त्यांना भीती.

मला लागलं ते हे की त्यांनी तक्रार केली नाही. कशाची करणार? त्यांना दिसत होतं ते फक्त एक हळू मशीन, आणि दोष एकतर मशीनचा नाहीतर आपला, अशी त्यांची समजूत. माझी सगळी व्यवस्था 'त्रास झाला तर कुणीतरी सांगेलच' या भरवशावर उभी होती, आणि सांगायचं कशाबद्दल हेच मी लपवून ठेवलं होतं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "एवढंच ना, आधी सांगायचं होतं," म्हणाल्या. चार महिनाअखेरी त्या लवकर आल्या होत्या. ते तास मला परत देता आले नाहीत.

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी सेटिंग सांगत नाही, चिन्ह ठेवा म्हणतो. कोपऱ्यात ते दिसू दे. त्यावर उजवं बटण दाबलं की 'स्नूझ' येतं, त्यानं बॉइंक तासभर झोपतं. हे प्रत्येकाला त्याच्या खुर्चीपाशी जाऊन दाखवा. मी दाखवलं तेव्हा तिघांनी सरळ नको म्हटलं, त्यांच्या मशीनवरून त्याच दिवशी काढलं. दोघं-तिघं मात्र येता-जाता विचारू लागले, "आज काय मोजतंय?"

मग सेटिंग. तीन मिनिटांची मुदत मी दहा-पंधरावर नेतो. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामनं प्रोसेसरचा चौथा हिस्सा खाल्ला की बॉइंकनं थांबायचं, असा एक पर्याय आहे. बाईंसारखी माणसं वाचतात ती त्यानंच, त्यामुळे तो चालू आहे ना हे डोळ्यांनी बघून घ्या. मेमरीची मर्यादा कमी करा. 'थांबलेलं काम मेमरीत ठेवा' हा पर्याय जुन्या मशिनांवर बंद ठेवा. त्यात शेवटच्या चेकपॉइंटनंतरची, म्हणजे झालेलं काम डिस्कवर शेवटचं जपून ठेवल्यानंतरची, मेहनत वाया जाते, ती जाऊ दे. प्रोसेसरचा वापर टक्क्यांनी आवळू नका. बॉइंक ते सेकंदासेकंदाला चालू-बंद करून साधतं, आणि काही मशिनांचा पंखा त्या तालावर घरघरत राहतो. त्यापेक्षा कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, कमी द्या, चारातले दोन. लॅपटॉपवर नको, आणि टाकलंच तर बॅटरीवर असताना अजिबात नको. डाउनलोड रात्री. सर्व्हिस म्हणून बसवायला हरकत नाही, फक्त विंडोजवर तसं बसवलं की ग्राफिक्स कार्ड वापरता येत नाही, आणि ऑफिसात ते नसलेलंच बरं.

वीज हा मुद्दा लोक उडवून लावतात. "मशीन चालूच असतं ना, मग फरक काय?" हा युक्तिवाद १९९९ साली बऱ्यापैकी खरा होता. विंडोज ९५ किंवा ९८ वर मशीन रिकामं असलं तरी प्रोसेसर स्वस्थ बसायचा नाही, जागच्या जागी गरगर फिरत राहायचा. त्याला काम दिलं तर जास्तीचं फारसं काही जात नव्हतं. आजचे प्रोसेसर काम नसलं की क्षणार्धात झोपी जातात. रिकामं आणि राबतं मशीन यांत पन्नास वॅटचा फरक धरला आणि ते अहोरात्र चाललं, तर वर्षाला ४३८ युनिट होतात. माझ्या चाळीस मशिनांचे १७,५२०. एरवी रात्री बंद झाली असती ती मशिनं तुम्ही यासाठी चालू ठेवलीत, तर आकडा आणखी वर जातो. फुकट वाया जाणारी शक्ती, हे आपल्या लाडक्या छंदाचं जुनं वाक्य आता सोडून द्यायला हवं. ते देणगी आहे आणि तिचं बिल कुणीतरी भरतो. देणगी देणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

चोरून केल्यावर काय होतं याचं उदाहरण अमेरिकेत जॉर्जिया राज्यात घडलं आहे. एका तंत्रशिक्षण महाविद्यालयातल्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यानं १९९९ मध्ये तिथल्या मशिनांवर डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटचा प्रोग्राम टाकला. हा प्रोग्राम सांकेतिक किल्ली फोडण्याच्या स्पर्धेत भाग घ्यायचा, आणि त्या स्पर्धेला १०,००० डॉलरचं बक्षीस होतं. सरकारी पक्षानं बँडविड्थचा हिशोब सेकंदाला ५९ सेंटनं लावला आणि नुकसान चार लाख डॉलरांच्या वर नेलं. मला तो हिशोब तेव्हाही अवाजवी वाटला, आजही वाटतो. संगणकचोरीचे आणि अनधिकृत प्रवेशाचे मिळून आठ आरोप लागले. जानेवारी २००२ मध्ये तडजोड झाली: एक वर्षाची देखरेख, २,१०० डॉलर भरपाई आणि ८० तासांची समाजसेवा. शिक्षा हलकी झाली, पण तोवर माणसाची कित्येक महिने फरफट झाली होती. त्यानं कुणाची फाइल उघडली नव्हती, काही बिघडवलं नव्हतं. फक्त विचारलं नव्हतं.

बक्षिसावरून एक पोटप्रश्न. बॉइंकवर केलेल्या कामाचे गुण मिळतात आणि त्यांच्या क्रमवाऱ्या लागतात. ऑफिसची मशिनं तुमच्या वैयक्तिक नावावर राबत असतील आणि तुमचा क्रमांक वर चढत असेल, तर तुम्ही विज्ञानासाठी करताय हे तुमच्याखेरीज कुणाला पटणार नाही. खातं संस्थेच्या नावानं उघडा. ते करताना मन जराही खट्टू झालं, तर आपण नेमकं कशासाठी करतोय ते थोडं तपासा.

सुरक्षा पाहणारे लोकही या प्रकरणात आहेत. लोकांच्या मशीनवर चोरून आभासी चलन खणणारे प्रोग्राम २०१७ नंतर बोकाळले. तेव्हापासून विनाकारण तापलेला प्रोसेसर हे घुसखोरीचं लक्षण धरलं जातं. न सांगता टाकलेलं बॉइंक बाहेरून अगदी तसंच दिसतं. तुमच्या छंदापायी कुणी तरी अख्खी रात्र नसलेला चोर शोधत बसेल.

असा प्रयोग करणारे आपण पहिले नाही. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत जॉन शॉक आणि जॉन हप यांनी तिथल्या आल्टो मशिनांवर, रात्री रिकामी असतील तेवढ्यांवर, पसरत जाणारे प्रोग्राम सोडले होते. त्यांना ते 'वर्म' म्हणायचे. १९८२ साली छापलेल्या निबंधात त्यांनी सगळं प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. काळजी किती घेतली होती बघा: वर्मनं कुणाच्या डिस्कला हात लावायचा नाही, आणि रिकामं मशीन कुठलं, तर ज्यावर मालकानं जाताना मेमरीची चाचणी लावून ठेवली आहे ते. तरीही एका रात्री एक वर्म बिघडला. सकाळी लोक आले तर डझनावारी मशिनं बंद. चालू करावं तर वर्म पुन्हा शिरायचा आणि पुन्हा बंद. काही मशिनं कुलूप लावलेल्या खोल्यांत. शेवटी त्यांनी आधीच तयार ठेवलेला, सगळे वर्म एकदम मारणारा संदेश नेटवर्कवर सोडला. वर्म मेले आणि इमारतभर शंभर मेलेली मशिनं उरली. तो निबंध मी दर वेळी नव्या अॅडमिनला वाचायला देतो, त्या मारणाऱ्या संदेशासाठी. चाळीस मशिनांवर काही टाकण्याआधी चाळीसच्या चाळीस एका जागेवरून थांबवता येतात का, हे करून पाहा.

आणि हे रीतसर करणारेही आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटानं १९८८ मध्ये काँडर सुरू केलं, लोकांच्या टेबलावरची रिकामी मशिनं एकमेकांच्या कामाला लावण्यासाठी. त्याची जी गोष्ट मला सगळ्यात आवडते ती अशी, की आपलं मशीन कधी द्यायचं आणि कधी परत घ्यायचं याचे नियम मशीनचा मालक ठरवतो. ज्याचं गणित चालू आहे त्याला त्यात बोलता येत नाही.

परवानगीचा अर्ज एका पानाचा पुरतो. कुठला प्रकल्प, किती मशिनं, कुठल्या वेळी, वर्षाला किती युनिट, खातं कुणाच्या नावावर, थांबवायचं कसं, आणि थांबवायचा अधिकार कुणाकुणाला. युनिटचा आकडा लपवू नका, तोच पहिल्या परिच्छेदात घाला. वरिष्ठ बहुतेक वेळा आकड्याला नाही म्हणत नाहीत, आकडा मागाहून कळला तर म्हणतात. नकार आला तर घरचं जुनं मशीन आहे, अँड्रॉइडचा जुना फोन आहे, बॉइंक त्यांच्यावरही चालतं.

मागच्या महिन्यात ज्यांनी विचारलं, त्यांनी हे सगळं ऐकून साठ मशिनांचा अर्ज केला. मंजूर झाली सहा, तीही रात्री दहा ते पहाटे पाच. बॉइंकमध्ये दर वाराची वेळ निराळी लावता येते. त्यांच्याकडे शनिवारी रात्री बॅकअप चालतो, तेवढी रात्र आम्ही मोकळी सोडली.