हाफ डॉलरच्या रोलमधली चांदी

बँकेतून दर्शनी किमतीला नाण्यांचे रोल, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या नळकांड्या, आणायचे, एकेक नाणे पाहून चांदीचे तेवढे बाजूला काढायचे आणि उरलेली रक्कम पुन्हा खात्यात भरायची, हा अमेरिकेत बऱ्याच लोकांना असलेला छंद इथे राहायला आल्यावर मलाही जडला. त्यात पैसा बुडत नाही, कारण दहा डॉलरचा रोल तपासून झाल्यावरही दहा डॉलरचाच राहतो. खर्ची पडतो तो वेळ, गाडीचे पेट्रोल आणि बँकेतल्या टेलरची, म्हणजे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याची, सहनशीलता. म्हणून याला गुंतवणूक म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. तासांचा हिशेब मांडला, तर कुठलीही किरकोळ नोकरी यापेक्षा जास्त देईल.

या शोधाला अर्थ आहे तो एका कायद्यामुळे. १९६४ सालापर्यंतच्या डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर (५० सेंट) या नाण्यांत ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे असे. चांदीची मागणी आणि भाव दोन्ही चढू लागल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २३ जुलै १९६५ रोजी नव्या नाणे कायद्यावर सही केली, आणि डाइम व क्वार्टर यांतून चांदी पूर्णपणे गेली. हाफ डॉलरमध्ये मात्र ती ४० टक्क्यांवर आणून १९७० पर्यंत ठेवली गेली. त्यातही १९७० चे हाफ चलनासाठी पाडलेच नव्हते, ते फक्त संग्राहकांच्या संचांतून विकले गेले. त्यामुळे ते साल रोलमध्ये दिसले, की कुणीतरी, बहुधा वारसाहक्काने आलेला, संच फोडून दर्शनी किमतीला बँकेत लोटला आहे असे खुशाल समजावे.

डाइम आणि क्वार्टर रोज हजारो हातांतून फिरतात. त्यांतली चांदी लोकांनी तेव्हाच वेचली, सरकारनेही बँकव्यवस्थेत परत येणाऱ्या नाण्यांतून ती निवडून वितळवली, आणि १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेला तेव्हा उरलीसुरली मोठ्या प्रमाणावर भट्टीत गेली. हाफ डॉलरची गोष्ट निराळी आहे. जॉन केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा चेहरा असलेला हाफ डॉलर आला, तेव्हा लोकांनी तो खर्च करण्याऐवजी आठवण म्हणून घरात ठेवला. नाणे हाती येईना, म्हणून दुकानदारांना त्याची सवय राहिली नाही. सवय मोडली, म्हणून गल्ल्यात त्याला खण उरला नाही. २००२ पासून २०२० पर्यंत टांकसाळीने चलनासाठी हाफ पाडलेच नाहीत. असे नाणे एकदा कपाटात गेले की तिथेच राहते, आणि घर आवरताना नातवंडे ते बँकेत नेऊन भरतात. चांदी सापडते ती या साचलेल्या पैशात. म्हणूनच यंत्राने गुंडाळलेल्या रोलपेक्षा ग्राहकाने हाताने वळलेला, कागद पिवळा पडलेला रोल टेलरने पुढे केला, की माझी उत्सुकता जरा जास्तच ताणली जाते.

हाफ डॉलरच्या एका रोलमध्ये २० नाणी असतात आणि पूर्ण पेटीत ५० रोल, म्हणजे हजार नाणी, ५०० डॉलर. एवढ्या नाण्यांची सालं वाचत बसण्याची गरज नसते. कागद सोडून सगळी नाणी एका रांगेत आडवी ठेवली आणि दिव्याखाली कडा पाहिल्या, तर चांदी नसलेल्या नाण्यांच्या कडेवर तांब्याच्या गाभ्याची तपकिरी रेघ ठळक दिसते. ९० टक्क्यांच्या नाण्याची कड दात्यांसकट एकसारखी पांढरी असते. डोळा फसतो तो ४० टक्क्यांच्या बाबतीत, कारण त्याचा बाहेरचा थर ८० टक्के चांदीचा असला तरी गाभ्यात तांबे बरेच असते, आणि कडेवर फिकट, मळकट छटा उमटते. तिथे साल पाहिल्याशिवाय निवाडा करू नये. ‘एस’ चिन्हाची, आरशासारखी चकचकीत नाणीही मधूनच निघतात. ती सगळी चांदीची नसतात, पण १९९२ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने चांदीचे वेगळे संचही काढले असल्याने त्यांची कड पाहूनच पुढे जावे.

मला स्वतःला मात्र निकलचे, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यांचे, रोल अधिक आवडतात, चांदी कमी मिळत असूनही. दुसऱ्या महायुद्धात निकेल हा धातू युद्धसामग्रीसाठी हवा होता, म्हणून १९४२ च्या मध्यापासून १९४५ पर्यंत या नाण्यातून तो काढून ५६ टक्के तांबे, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज असे मिश्रण वापरले गेले. पुढे ही नाणी वेगळी काढता यावीत म्हणून मागच्या बाजूला, मोंटिसेलो या राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या घराच्या चित्रातल्या घुमटाच्या वर, टांकसाळीचे मोठे अक्षर कोरले. फिलाडेल्फियाचे ‘पी’ अमेरिकी नाण्यावर प्रथम आले ते तेव्हाच. झिजलेले असे नाणे करडे, किंचित तेलकट दिसते आणि इतर निकलांत लगेच नजरेत भरते. गंमत अशी, की त्याच युद्धाच्या काळात आपल्याकडे नेमके उलटे घडत होते. १९४० साली ब्रिटिश सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आई जो राजाछाप रुपया मांडते, तो १९३९ च्या आधीचा की नंतरचा हे मी आता दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवरून विचारते, आणि तिला त्याचा कंटाळा आला आहे.

बँकेशी वागण्याचे काही अलिखित नियम आहेत. जिथून रोल आणायचे तिथेच तपासलेली नाणी परत करू नयेत; टेलरचे काम वाढते, आणि पुढच्या खेपेला आपलीच नाणी आपल्या पदरात पडतात. काही जण तपासलेल्या नाण्यावर मार्करने खूण करतात. अशी खूण असलेल्या नाण्यांचा अख्खा रोल हाती आला, की दुसऱ्याने आधीच खरवडलेल्या पातेल्यात आपण पळी घातली हे कळते. काही शाखा पेटीवर शुल्क घेतात, काही खाते असल्याशिवाय देतच नाहीत. त्यावर वाद घालण्यापेक्षा दुसरी शाखा बघावी.

सापडलेल्याचे मोल काढताना भाव नव्हे, वजन पाठ असावे. ९० टक्क्यांच्या हाफमध्ये साधारण ०.३६ ट्रॉय औंस (एक ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम) शुद्ध चांदी असते, ४० टक्क्यांच्या हाफमध्ये ०.१५, युद्धकाळातल्या निकलमध्ये जेमतेम ०.०५६. त्या दिवशीच्या भावाने गुणले की झाले. विकायला गेल्यास ४० टक्क्यांच्या नाण्यांवर व्यापारी जास्त घट धरतात, कारण तेवढ्याच चांदीसाठी जास्त वजन हलवावे आणि शुद्ध करावे लागते. म्हणून ती मी विकत नाही, आणि चांदीचे निकलही नाही. ९० टक्क्यांची दुबार आलेली तेवढी देते आणि त्या पैशातून पुढची पेटी मागवते.